पाणकावळा शिवला

खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कारकुनी करणाऱ्या गजेंद्रच्या कवितेत समुद्राखाली बात नव्हती. कॉलेजच्या सहलीत त्यानं एकदाच समुद्र पाहिला आणि तो कायमचा बिघडला. टँकरमागे धावणाऱ्या गावात हा माणूस भरती-ओहोटी, कुरव पक्षी आणि पाणकावळे लिहीत बसायचा. त्याची बायको सुचिता सारं ऐकून घ्यायची. बिचारीला दुसरा इलाजही नव्हता.

सासऱ्याशी मात्र त्याचं फाटलं होतं. लग्नाच्या मांडवात त्यानं कविता सुरू केली, तेव्हा पुंजाजींनी त्याच्या हातातला माईक काढून घेतला होता. "जवाईबुवा, पंगत थंडी होऊन राह्यली." जावई जो रुसला, तो पुन्हा सासरी रोहिणखेडला फिरकला नाही.

आता पुंजाजींची पंचाहत्तरी आली आणि सुचिता हट्टाला पेटली. "मले माहेर पायजे. तुमचं काय ते मिटवा."

गजेंद्र एका अटीवर तयार झाला. कविता म्हणणार! मोठ्या मनानं त्यानं ती सासऱ्यावरच लिहिली होती. खडकावर पंख पसरून उभा राहतो तो पाणकावळा, तसे घरादारावर हात पसरून उभे असलेले पुंजाजी.

सुचितानं कपाळाला हात लावला. "बाबाच्या वाढदिवसाले कावळा? लोक काय म्हणतीन! पिंड मांडून बसलो काय आपण?"

"अवं, पाणकावळा हाय तो. समुद्रातला."

"समुद्रातला असो का पिंपळावरचा, कावळा तो कावळाच. दुसरं पाखरू घाला."

मग रोहिणखेडला जाताना एसटीत पाखरं बदलणं सुरू झालं. बगळा घातला तर सासरा ढोंगी ठरत होता. टिटवी अशुभ. घार म्हणताच सुचिता दचकली, "नको! भावकीच्या बांधावर बाबानं झडप घातली, असं लोक आधीच म्हणतात." शेवटी कुरव ठरला. रोहिणखेडात त्याचं कोणी नावच ऐकलं नव्हतं, त्यामुळे बदनामीचा प्रश्न नव्हता.

अंगणात पुंजाजींना ओवाळून झालं आणि गजेंद्र माईक घेऊन उभा राहिला. पहिल्या कडव्यात कुरव नीट उडाला. दुसऱ्यात कवी भरात आला आणि जिभेनं जुनी सवय सोडली नाही.

"मामाजी, तुम्हीच आमचे पाणकावळे!"

सासूबाई गीताबाईंच्या हातातलं ताट कललं. शेजारचे कडूबा पुटपुटले, "जित्या माणसाले कावळा लावला बे यानं!" सुचिता रडकुंडीला आली. हाती आलेलं माहेर पुन्हा गेलं.

पुंजाजी उठले आणि त्यांनी जावयाच्या हातातून माईक काढून घेतला. अगदी मांडवातल्यासारखाच.

"लोकहो, पिंडाले कावळा काऊन शिवत नाही, मालूम हाय ना? मेलेल्याची इच्छा बाकी राहते म्हून. माही एकच होती. हा जवाई माह्या दारात यावा. आला." त्यांनी गजेंद्रकडे बोट दाखवलं. "आता मले मराची घाई नाही, पण कावळ्याची फिकर बी नाही."

सुचिता आता उघडच रडायला लागली, पण ते रडणं वेगळं होतं. गजेंद्रही विरघळला. तो पाया पडला, तेव्हा सासऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं त्याला असा काही हुरूप आला, की त्यानं खिशातून दुसरी कविता काढली.

पुंजाजींनी माईक घाईनं छातीशी धरला. "थांबा, जवाईबुवा. अजून एक इच्छा राह्यली. पंगत थंडी होऊन राह्यली."

गजेंद्रनं सासऱ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि कागदाची घडी करून मुकाट्यानं खिशात ठेवली.

मागून कडूबा आनंदानं ओरडले, "शिवला रे, शिवला!"