रेक्स रोझारिओचं दुःख

“रेक्स रोझारिओच्या आवाजातलं दुःख हैदराबादेत फक्त दोन माणसांना कळतं. एक मला आणि दुसरं मुकुंदरावाला. त्यालाही मी समजावून सांगितल्यावर!”

धम्मानंद हे गेली तीस वर्षं भेटेल त्याला ऐकवत होता. पहिली चोवीस वर्षं त्यात एकच माणूस होता. सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीत समोर बसलेल्या प्रत्येकाला त्याने ते ऐकवलं होतं. दाताच्या डॉक्टरला तोंड उघडं ठेवून ऐकवलं होतं. माधवीला तर तो पाहायला गेला तेव्हाच ऐकवलं होतं. माधवीला वाटलं, रेक्स म्हणजे यांच्या नात्यातलं कुणी आजारी माणूस. तिने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, “आता बरे आहेत का ते?” धम्मानंदाने तिथल्या तिथे होकार दिला.

तर रेक्स रोझारिओ म्हणजे लालागुड्याच्या रेल्वे कॉलनीतला रॉक अँड रोलवाला. तो गिटार घेऊन उभा राहिला की हॉलच्या फळ्या निखळायच्या, असं जुने लोक सांगत. बहात्तर साली तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला. त्याचं सामान बांधायला लोको शेडचे खलाशी, म्हणजे इंजिनांवरचे मजूर, गेले होते, त्यांत धम्मानंदाचे वडील शंकरराव होते. रेक्सच्या आईने त्यांना सुटकेसएवढा रेकॉर्ड प्लेअर आणि मुलाच्या चार छोट्या तबकड्या देऊन टाकल्या. चार तबकड्या, आठ गाणी. बाकी जगात रेक्सचा आवाज कुठेच शिल्लक नव्हता. मोबाइलवर त्याचं नाव टाकलं तर एक जनावरांचा डॉक्टर यायचा.

पण ती आठ गाणी! काय तो आवाज! जाड, ओला, जमिनीखालून येणारा. एका शब्दानंतर दुसरा शब्द येईपर्यंत माणसाने चहा पिऊन कप विसळून ठेवावा. मागचा ढोल प्रेतामागून चालल्यासारखा पाऊल टाकायचा. शेजाऱ्यांना वाटायचं, कुणाची तरी म्हैस विहिरीत पडलीय.

“पप्पा, रॉक अँड रोल तो फास्ट रहता ना?” मुलगी शिवानी एकदा म्हणाली होती.

“बाकीच्यांचं फास्ट असतं. बाकीच्यांचं नाचायचं असतं, रेक्सचं भोगायचं असतं!”

आणि धम्मानंदाने ते भोगलं होतं. दोनदा बढती हुकली तेव्हा रेक्स. शंकरराव गेले तेव्हा महिनाभर रेक्स. मुकुंदराव तर या वाटेला लागला तेच दुःखामुळे. गौलीगुड्यात त्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको गंगू गेली. भेटायला आलेले लोक बोलून बोलून दमले, पण हा रडेना. धम्मानंद त्याला नल्लकुंट्याला घरी घेऊन आला, काही न बोलता तबकडी लावली, आणि मुकुंदराव जो रडला, तो माधवीने दोन टॉवेल दिले तेव्हा थांबला. तेव्हापासून दर रविवारी तो यायचा. दोघं डोळे मिटून बसायचे.

आता इतक्या संथ गाण्यातले इंग्रजी शब्द कळायचे कसे? दोघांनी वह्या घेऊन वर्षानुवर्षं ते लिहून काढले. सगळ्यांत आवडत्या गाण्यात रेक्स पुन्हा पुन्हा “जेऽऽऽल” म्हणायचा आणि पुढे “ईऽऽऽ” असा हुंदका द्यायचा. म्हणजे हा तुरुंगात होता! आधी “डोऽऽऽ” अशीही एक हाक यायची. तीवरून त्यांनी डोरोथी नावाची एक प्रेयसी काढली. त्याच गाण्यात पुढे “ब्रेऽऽऽ” ऐकू यायचं, त्यावरून तिने त्याचं हृदय ब्रेक केलं. हळूहळू रेक्सचं अख्खं चरित्र तयार झालं, आणि धम्मानंदाने त्याची चौसष्ट पानी पुस्तिका छापली.

यंदा धम्मानंदाने ठरवलं, हे दुःख आता दोघांत ठेवायचं नाही. वाचनालयाचा हॉल घ्यायचा आणि रविवारी सकाळी अकरा वाजता शहराला रेक्स समजावून द्यायचा!

पोस्टरचं काम शिवानीकडे गेलं. तिला मराठी वाचायला अर्धा तास लागायचा, म्हणून तिने पुस्तिकेचं फक्त एक पान वाचलं आणि मोठ्या अक्षरांत छापलं, ‘जेल में टूटा दिल’. ते वाचून निवृत्त तुरुंगाधिकारी एकनाथराव काठी टेकत घरी आले.

“रेक्स ना? अहो, माझ्याच बराकीत होता!”

धम्मानंदाला खुर्ची सापडेना. “तुम्हाला आठवतो?”

“आठवतो म्हणजे? शांत पोरगा. कुणाशी बोलायचा नाही. जेवण तसंच ठेवायचा.”

“डोरोथीमुळे!” मुकुंदराव डोळे पुसत म्हणाला.

“अगदी बरोबर. डोरोथीच,” एकनाथराव म्हणाले. त्यांना लोक विचारतील त्याला हो म्हणायची सवय होती, हे तेव्हा या दोघांना ठाऊक नव्हतं. एकनाथरावांना लगेच कार्यक्रमाचं अध्यक्ष करण्यात आलं.

आणि मग शिवानीने बॉम्ब टाकला. “पप्पा, सरप्राइज! मेरेको रेक्सका ड्रमर मिला. पर्सी अंकल. एटी-फोर के हैं, सिकंदराबाद में रहते. संडे को आ रहे!”

धम्मानंद त्या दिवशी जेवलाच नाही. रेक्सबरोबर ज्याने दुःख भोगलं, तो माणूस जिवंत होता! आणि तो येऊन आपली पुस्तिका हातात घेणार होता!

रविवारी हॉल भरला. सत्तर-ऐंशी माणसं तरी असतील. पर्सी अंकल लाल टाय लावून पहिल्या रांगेत बसले होते. हडकुळे, हसतमुख, खुर्चीच्या हातावर बोटांनी सारखा ठेका धरणारे. हॉलची व्यवस्था बघणारे अप्पाराव मायक्रोफोन लावत होते. टेबलावर तो प्लेअर होता. त्याला धम्मानंदाने झेंडूची माळ घातली होती.

धम्मानंद बोलायला उभा राहिला आणि सुटलाच. रेक्सचं एकटेपण. रेक्सचा तुरुंगवास. दगडी भिंतींवर डोकं आपटत लिहिलेलं ते गाणं. एकनाथराव व्यासपीठावरून मान डोलवत होते. मागच्या रांगेत दोन बायका नाक शिंकरू लागल्या. शिवानी पर्सी अंकलना कानात सगळं सांगत होती, तशा त्यांच्या भुवया वर वर चढत होत्या.

“जेल? कौन गया जेल?” पर्सी अंकलनी अखेर मोठ्याने विचारलं.

“रेक्स साहब!” धम्मानंद आदराने म्हणाला. “आप को तो मालूमच होगा. तकलीफ होती होगी याद करके.”

“रेक्स? मॅन, वो तो कभी बिना टिकट भी नहीं गया!”

हॉलमध्ये कुजबुज झाली. एकनाथराव घाईघाईने म्हणाले, “माझ्याकडे होता तो दुसरा रेक्स असेल. आमच्याकडे बरेच यायचे.”

धम्मानंद डगमगला नाही. म्हाताऱ्या माणसाला सगळं कुठून आठवणार? गाणं ऐकलं की बांध फुटेल! त्याने तबकडी ठेवली. सुई टेकली. हॉलभर तो आवाज पसरला, “डोऽऽऽऽ... जेऽऽऽऽ...” मुकुंदरावाने डोळे मिटले. धम्मानंदाने पर्सी अंकलकडे पाहिलं. आता रडतील. आता.

पर्सी अंकल खुर्चीच्या हातावर थाप मारून उभे राहिले.

“ये कौन मर रहा है, मॅन?”

“रेक्स साहब गा रहे हैं...”

“ये रेक्स नहीं! और ये ड्रम मैं नहीं! मेरा हाथ जिंदगी में इतना स्लो नहीं चला. नींद में भी नहीं!” ते तरातरा व्यासपीठावर चढले, वाकून फिरणारी तबकडी बघितली, आणि कपाळावर हात मारला. “स्पीड गलत है!”

अप्पाराव धावत आले. त्यांनी प्लेअर तपासला. “अय्यो, सर! छोटी तबकडी आहे ना, ती मिनिटाला पंचेचाळीस फेरे मारायला पाहिजे. हा तेहतीसच मारतोय. मोठ्या तबकडीचा स्पीड. इथं खटका असतो बघा बदलायला. खटकाच नाही! कुणीतरी उपटलाय!”

धम्मानंदाने वाकून ती खटक्याची जागा पाहिली. त्याला लख्ख आठवलं. तो सहा वर्षांचा होता. प्लेअर घरात नवा होता. त्यावर एक छान चकचकीत, पितळी खटका होता. तो त्याने दोन्ही हातांनी ओढून काढला होता आणि भोवऱ्याला लावला होता. शंकररावांकडे मोठी तबकडी एकच होती, बुद्धवंदनेची. ती बरोबर वाजायची. मग शंका यायची तरी कुठून!

“थांबा, नका हात लावू...” तो पुटपुटला. पण तोवर अप्पारावांनी खिशातली पक्कड खटक्याच्या जागी उरलेल्या खुंटावर धरून करकचून फिरवली होती.

आणि रेक्स रोझारिओ गाऊ लागला. पातळ, लाडिक, उड्या मारणारा आवाज, शाळा सुटलेल्या पोरासारखा! ढोल तर तव्यावरच्या फुटाण्यांसारखा तडतडत होता. आणि शब्द? शब्द इतके स्पष्ट, की मागच्या रांगेतल्या बायकांनाही कळले. आंटी डॉली, पास द जेली, ब्रेड इज वेटिंग इन माय बेली!

डोरोथी नव्हती. डॉली मावशी होती. जेल नव्हता, जेली होती. हृदय तुटलं नव्हतं, पाव होता.

“ये है रेक्स!” पर्सी अंकल ओरडले आणि टाय सैल करून चक्क नाचू लागले. शिवानी त्यांच्यासोबत. मग मागच्या बायका. मग अप्पाराव, पक्कड हातात घेऊन. एकनाथराव काठीने ठेका धरत म्हणाले, “असाच होता तो, असाच! बराकीत सगळ्यांना हसवायचा!” पाच मिनिटांत हॉलच्या फळ्या वाजायला लागल्या.

धम्मानंद व्यासपीठाच्या कडेवर बसला होता. पन्नास वर्षांचं दुःख त्याच्या डोळ्यांदेखत जेलीसारखं हलत होतं. बाबा गेले तेव्हाचा तो महिना. डोळे मिटून, दार लावून. आणि तो बिचारा तेव्हा मावशीकडे जेली मागत होता! पर्सी अंकल घाम पुसत जवळ आले.

“अच्छा आदमी था, मॅन. पर्थ में केक की दुकान डाला. चार पोता-पोती. हँसते-हँसते गया, पाँच साल हुए. एक दिन भी सॅड नहीं था.”

“एकही दिवस नाही?” धम्मानंदाने मराठीतच विचारलं. फार आशेने.

“नॉट वन!”

लोक निरोप घेऊन गेले. ‘क्या प्रोग्राम किया, साब! मजा आ गया!’ असं प्रत्येकाने सांगितलं. पुस्तिका एकही उरली नव्हती. लोकांना ती विनोदी वाटली होती.

रिकाम्या हॉलमध्ये दोघं शेजारी बसले. मुकुंदरावाने मांडीवरची वही मिटली. मग हळूच म्हणाला, “धम्मा, मग सहा वर्षं मी कुणासोबत रडलो रे?”

धम्मानंदाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “माझ्यासोबत,” असं म्हणायचं त्याच्या मनात आलं होतं, पण तोंडून निघालं, “अप्पारावांना विचारू, परत हळू होतं का ते.”

अप्पारावांनी खूप खटपट केली. पक्कड फिरेना. खुंट आत तुटून पक्का बसला होता. आता जन्मभर पंचेचाळीसच.

घरी येऊन धम्मानंद न जेवता भिंतीकडे तोंड करून पडला. मुकुंदराव सोफ्यावर बसून राहिला. ही दोन माणसं अशी पडलेली माधवीला बघवेनात. तिने स्वतःच्या हाताने, लग्नानंतर पहिल्यांदाच, प्लेअरवर तबकडी ठेवली. घरभर डॉली मावशी नाचून गेली. माधवीने सुई उचलली. काहीतरी धीराचं बोलावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “एक मात्र चांगलं झालं हं. लवकर संपतं!”