बोलत पळवणारे मास्तर

टाले मास्तरांबरोबर धावताना गप्प राहायची सोय नव्हती. पहाटे बडनेरा रोडवर माझा श्वास फुलला, की ते नेमके शेजारून विचारत, "तुमच्या गावी पातोडीच्या रश्शात खोबरं घालतात का नाही?" मी नुसती मान हलवली, तर दंड धरून मला चालायला लावत. "तोंडानं सांग. बोलता येते तवरकच पयायचं. बोलणं बंद, पयणं बंद!"

मास्तर निवृत्त ड्रिल मास्तर. अमरावतीच्या एका व्यायामशाळेत नवशिक्यांना धावायला शिकवत. मी चांदूर बाजारकडचा, आमच्या घरातला पहिला बी. ए. जंगल खात्याच्या नोकरीची लेखी परीक्षा पास झालो होतो. अकोल्याची धावण्याची चाचणी तेवढी उरली होती. ती हुकली असती, तर मला शिकवण्यासाठी राबलेल्या वडिलांपुढे उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

नवशिक्यांचा वर्ग पुरा झाला, त्या दिवशी नारळ फुटला. आम्ही सगळे वडाळी तलावापर्यंत न थांबता जाऊ लागलो होतो. मला वाटलं, आता वेग वाढवायचा. मास्तर खोबरं चावत म्हणाले, "आतापासून दोन तऱ्हेचे लोक होतात. एक उद्यापासून अंथरुणात. दुसरे उद्यापासून रेल्वेच्या मागं. दोन्ही वाया."

त्यांचं म्हणणं असं, की महिनाभर अंतर तेच, चालही तीच. एक दिवस धावायचं, दुसऱ्या दिवशी पायांना सुटी. मग थोडं पुढे जायचं, मग मालटेकडीचा चढ. आणि एकट्यानं कधीच नाही. माझ्या सोबतीला कोण, हे त्यांनीच ठरवलं. ते स्वतः!

चाचणी जवळ येत होती, आणि हा माणूस मला वरातीच्या चालीनं पळवत होता. वर आमच्या बैलांचे स्वभाव विचारत होता. एकदा समोरून येणाऱ्या दूधवाल्यानं सायकल थांबवली.

"मास्तर, कोणाच्या मागं लागले?"

"याच्या नोकरीच्या!"

"मंग जरा जोरानं पया ना!"

अख्ख्या अमरावतीत तो एकच शहाणा माणूस आहे असं मला त्या दिवशी वाटलं. मी मास्तरांना तसं सांगितलंही. त्यावर त्यांनी मला आमच्याच वर्गातल्या मधुकरच्या घरी नेलं. नारळ फुटल्याच्या आठवड्यातच त्यानं एका सायकलवाल्याशी शर्यत लावली होती. गुडघा पपईएवढा सुजला होता. "पाह्यलं, बी. ए. साहेब? हे रेल्वेवाले."

अकोल्याला शिट्टी वाजताच पोरं उधळली. अर्ध्या वाटेत त्यांतले बरेच कंबरेवर हात ठेवून उभे होते. मी आपला पातोडीची कृती पुटपुटत चाललो होतो. शेजारच्याला वाटलं, मी जप करतोय. माझी निवड झाली.

पेढे घेऊन मी पहिल्यांदाच मास्तरांच्या घरी गेलो. ते बाजारात गेले होते. काकूंना म्हटलं, "मास्तरांनी माझ्याशी बोलून बोलून मला पास केलं."

काकू पाहतच राहिल्या. "आमचे हे? बोलतात?"

"थांबतच नाहीत, काकू!"

"घरी तर 'वाढ' अन् 'पुरे'. पोरगी सासरी गेल्यापासून तेवढंच." त्या पुढे सरकून बसल्या. "काय बोलतात रे? सांग ना मले."

मी आठवून म्हटलं, "परवा मालटेकडी चढताना वाटभर तुमच्या अंबाडीच्या भाजीचंच चाललं होतं. अशी भाजी साऱ्या वऱ्हाडात कोणाला जमत नाही म्हणे."

काकूंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय, मला कळलं नाही.

तेवढ्यात मास्तर आले. मला पाहून दारातूनच ओरडले, "नोकरी लागली म्हणून बसला काय? परवा येतो ना पयायले?"

काकूंनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "माह्या हातची अंबाडी आवडते तुमाले?"

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पेढ्यांचा पुडा घट्ट धरला. मग त्यांनी मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले, आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले.

पाणी ओतल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.