खर्रा न खाणारा जावई

साक्षीसाठी आलेलं स्थळ एकदा आपण स्वतः गुपचूप जाऊन तपासून यावं, असं हेमराजभाऊंनी ठरवलं ते निव्वळ पुस्तकांच्या भरवशावर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या एका कचेरीत ते कारकून. पण मनानं मात्र गेली कित्येक वर्षं गुप्तहेर खात्यात नोकरीला आहेत. रहस्यकथा आणि थरारक कादंबऱ्या त्यांनी इतक्या वाचल्या आहेत की कचेरीत फाइल हरवली तरी ते आधी सगळ्यांचे चेहरे वाचत बसतात. (फाइल बहुधा त्यांच्याच टेबलाखाली सापडते.)

या कादंबऱ्यांबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. शेवटच्या प्रकरणात खुन्याचा जुळा भाऊ काढणारा लेखक म्हणजे वाचकाचा खिसा कापणारा माणूस. खुनाच्या आधी हमखास वीज घालवणारा लेखक आळशी. सावलीत वीज रोज जाते आणि आजवर त्यात डासांशिवाय कोणी मेलेलं नाही. सुरुवातीला ज्याच्यावर संशय येतो तो बिचारा गरीब गाय असतो. आणि ज्याच्याबद्दल सगळेच चांगलं बोलतात, त्याच्यावर मात्र पहिल्या पानापासून नजर ठेवावी.

इथंच घोडं पेंड खात होतं. मुलगा, आदेश, वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात मास्तर. साक्षीला तो फोटोत पसंत होता, फोनवर तर फारच पसंत होता. तिच्या आईचं, म्हणजे माधवीबाईंचं, आणि मुलाच्या आईचं फोनवर मेतकूट जमलं होतं. आता फक्त घर पाहायला जायचं बाकी होतं. पण मुलगा दारू पीत नाही आणि खर्राही खात नाही, हे ऐकलं आणि हेमराजभाऊंच्या कपाळावर आठी पडली. तंबाखू-सुपारी घोटून केलेला खर्रा या भागात पाहुण्याला चहाच्या आधी विचारतात. तोसुद्धा न खाणारा जवान मास्तर त्यांच्या हिशेबात बसेना.

"एवढा साफ मानूस राहतच नाई," ते बायकोला म्हणाले.

"तुमच्या पुस्तकात राहत नसन," माधवीबाई म्हणाल्या आणि भात पाहायला आत गेल्या.

मग चंद्रपूरला मीटिंग आहे अशी थाप मारून हेमराजभाऊ वैनगंगेचा पूल ओलांडून जाणाऱ्या बसमध्ये चढले. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला दुपट्टा. पिशवीत बसमध्ये वाचायला दोन जाडजूड कादंबऱ्या. मुखपृष्ठांवर रक्तानं माखलेल्या सुऱ्या होत्या. शेजारचे प्रवासी दचकतात, म्हणून त्यांनी वरून वर्तमानपत्र गुंडाळून घेतलं होतं.

आता एक गोष्ट ज्या माणसाच्या सहज ध्यानात यायला हवी होती, त्याच्याच ध्यानात ती आली नाही. पुलाच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, तिथं दारूची दुकानं उघडी. पलीकडे गडचिरोली, तिथं दारूबंदी. त्यामुळे अलीकडून तोंड बांधून, जड पिशवी सांभाळत कोणी पलीकडे उतरला, तर तो वाचक असेल अशी शंका तिकडे कोणाला येत नाही.

त्यात हेमराजभाऊ सरळ आदेशच्या घरी जातील तर शपथ. कादंबरीतला गुप्तहेर आधी पानठेल्यावर जातो, म्हणून तेही गेले. पानठेल्याच्या लहानूला त्यांनी गावात लपूनछपून व्यसन करणारे कोण कोण आहेत ते विचारलं. मास्तर लोक कसे आहेत, हेही विचारलं. मागच्या गल्लीनं शाळेकडे जाता येतं का, याचीही चौकशी केली. लहानूनं खर्रा घोटता घोटता एका मुलीला हळूच बायांच्या दारूबंदी संघटनेकडे पिटाळलं.

बाया आल्या त्या थेट गराडा घालूनच. हेमराजभाऊंना बुद्धविहाराच्या ओट्यावर बसवण्यात आलं. पुढारी बाईंनी पिशवीवर हात ठेवून विचारलं, "काय हाय जी याच्यात?"

"पुस्तकं."

"सारेच पुस्तकंच म्हनतात."

वर्तमानपत्र सुटलं आणि खरोखरच पुस्तकं निघाली. बाईंचं तेवढ्यानं समाधान होईना. आत काही कोरून लपवलं असेल म्हणून त्यांनी कादंबरी उलटी करून झटकली, शेवटचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचून सगळ्यांना सांगितलं की डॉक्टरनंच मारलं. हेमराजभाऊ कळवळले. त्यांचा संशय माळ्यावर होता आणि अजून अर्धी कादंबरी वाचायची होती.

आता खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी दुपट्टा सोडला आणि आपण साक्षीचे वडील, आदेश मास्तरांची चौकशी करायला आलो, असं सांगून टाकलं. बायांनी वळून पुढारी बाईंकडे पाहिलं.

"आदेशची माय मीच. गिरजाबाई," पुढारी बाई म्हणाल्या.

हेमराजभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीचं जमत आलेलं लग्न आपण आपल्या हातानं मोडलं, घरी गेल्यावर तिला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्यांना खरोखर रडू यायला लागलं. गिरजाबाईंना मात्र अजून खात्री नव्हती. त्यांनी फोन काढून माधवीबाईंना लावला, आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला.

"इथी एक मानूस धरला. साक्षीचा बाप आहो म्हनते."

"नाई जी," माधवीबाई शांतपणे म्हणाल्या, "आमचे तर चंद्रपूरले मीटिंगले गेले. कोनी ठग असन. सोडू नका त्याले."

"माधवी, मीच बोलून राह्यलो," हेमराजभाऊ कसेबसे म्हणाले.

मग माधवीबाईंनी विचारलं, हा माणूस नेमका काय करत होता. गिरजाबाईंनी चष्मा, दुपट्टा, पानठेला, मागची गल्ली, सगळं सविस्तर सांगितलं.

"मंग आमचेच होत," माधवीबाई म्हणाल्या. "पन बाई, एक इनंती आहे. त्याइच्यावरून पोरीले पाहू नका. साक्षी पूर्ण माझ्यावर गेली."

गिरजाबाईंनी हेमराजभाऊंना खालून वरपर्यंत एकदा न्याहाळलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

"मंग जमलं समजा," त्या म्हणाल्या.