तीन सेकंदांचं दार

हाती घेतलेलं काम माझ्याकडून बिघडलं, असं आजवर झालेलं नाही. झालं असेल तर ते कुणाला कळलेलं नाही, आणि नोकरीत या दोन्हींचा अर्थ एकच होतो! म्हणून साहेबांनी पुलाचं काम काढलं तेव्हा मी लगेच हात वर केला. सांगून टाकलं, महिनाभरात पूल उभा करतो आणि कोणाच्या केसालाही धक्का लागणार नाही.

पूल म्हणजे नदीवरचा नव्हे. आमची कंपनी लिफ्ट चालवणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातली कुठली ओळ कोणी बदलली, कधी बदलली, का बदलली, याची नोंद ठेवणारी एक प्रणाली असते. ओळ पुसली तरी तिचा इतिहास पुसला जात नाही. आमच्याकडे अशा दोन होत्या. तिसऱ्या मजल्यावर जुनी, चौथ्यावर नवी. एकाच घरात दोन चुली! खाली केलेला बदल वर आपोआप दिसावा आणि वरचा खाली, यासाठी मधे एक प्रोग्रॅम हवा होता. तोच हा पूल.

सरळ सगळ्यांना नव्यावरच का आणलं नाही? कारण तिसऱ्या मजल्याच्या ताई. त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे आमच्या दादांनी, बावीस वर्षं त्या जुन्या प्रणालीत काम केलं आणि गेल्याच्या गेल्या वर्षी हृदयविकारानं ते गेले. त्यांची खुर्ची अजून तिथंच आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. ताईंनी साहेबांना सांगितलं होतं की भावाच्या हातच्या नोंदी आहेत तिथंच राहतील आणि मीही तिथंच राहीन.

पूल महिनाभर विनातक्रार चालला, तर दोन्ही मजल्यांचं प्रमुखपद मला, असा साहेबांचा शब्द होता. मी तो त्याच दिवशी बायकोला सांगितला. बायकोनं तिच्या आईला सांगितला. सासूबाई लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी आपणहून फोनवर बोलल्या! आता माघार घ्यायची सोयच उरली नाही.

पूल सुरू करताना त्या प्रोग्रॅमनं मला चार-सहा प्रश्न विचारले. जेवायची वेळ झाली होती. मी उत्तरं ठोकून दिली आणि डबा उघडला.

तीन आठवडे सगळं लोण्यासारखं चाललं. वरच्या लोकांनी नवनवीन भर घातली, ती मुकाट्यानं खाली उतरली. मग एका वृद्धाश्रमाची मागणी आली. त्यांच्या लिफ्टचं दार तीन सेकंदांत मिटायचं. काठी टेकत येणारी माणसं आत पोचायच्या आधीच ते अंगावर यायचं. एक आजी पडता पडता वाचल्या होत्या. दार सहा सेकंद उघडं राहायला हवं होतं, आणि तेही शुक्रवारच्या आत.

हे किती सोपं! तीनचा सहा करायचा. सोमवारी सकाळी वरच्यांनी केला. चौथ्या मजल्याच्या टोकाला आमची चाचणीची लिफ्ट आहे. ती कुठंच जात नाही, नुसती दर अर्ध्या मिनिटानं दार उघडते आणि मिटते. आम्ही समोर उभं राहून मोजलं. बरोबर सहा! सगळे चहाला गेलो. परत येऊन पाहतो तर दार तिसऱ्या सेकंदाला मिटलं.

आमची एक टेस्टर आहे, तिला आम्ही तिच्यामागे शंकासुर म्हणतो. तिनं नोंद उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. बदल करणाऱ्याचं नाव: दादा. तारीख आजची. वेळ अकरा वाजून बारा मिनिटं. कारण: "हे असंच असू द्या. उगाच हात लावू नका."

कोणीतरी चावटपणा करतंय, असं मी म्हटलं. स्वतः बसून तीनचा सहा केला. पाचव्या मिनिटाला परत तीन! तेच नाव, तेच शब्द. मी सगळ्यांचे पासवर्ड बदलायला लावले. तरी तीन. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, पण चेहऱ्यावर मी काही दिसू दिलं नाही. निदान मला तसं वाटलं. शंकासुरनं मला पाणी आणून दिलं.

मंगळवार संपेपर्यंत हे पंधरा वेळा झालं. चौथ्या मजल्यावर लोक हळू आवाजात बोलायला लागले. कोणी म्हणे, दादांना आपली ओळ बदललेली आयुष्यात कधी खपली नव्हती. कोणी काम सुरू करण्याआधी खाली जाऊन त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून यायला लागलं. शंकासुर, जिचा जन्मात कशावरच विश्वास बसला नव्हता, ती हे दादाच आहेत या एकाच गोष्टीवर ठाम होती!

बुधवारी मी आणखी तीनदा प्रयत्न केला. अठरावी वेळ भर दुपारची होती. सगळे जेवायला गेले होते. मी एकटाच चाचणीच्या लिफ्टसमोर उभा होतो. दार उघडलं. आतल्या आरशात माझाच चेहरा दिसला, पण ओळखू येईना इतका पांढरा. एक, दोन, तीन. दार मिटलं. पुन्हा उघडलं. एक, दोन, तीन. कुणीतरी पलीकडून माझ्याबरोबर मोजतंय असं मला वाटायला लागलं.

मी जिन्यानं खाली तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथंही कोणी नव्हतं. दादांची खुर्ची नेहमी टेबलाकडे तोंड करून असायची, ती आज खिडकीकडे वळलेली होती. मी धीर करून तिच्या बैठकीवर हात ठेवला.

बैठक गरम होती!

मी तिथंच हात जोडले आणि मोठ्यानं म्हणालो, "दादा, म्हातारी माणसं आहेत हो. तीन सेकंदांत नाही पोचत ती. एवढं शुक्रवारपुरतं सहा राहू द्या, मग तुमची मर्जी."

"कोणाशी बोलतोयस?"

माझा जीव गेलाच होता. मागे ताई उभ्या होत्या, हातात पाण्याची बाटली घेऊन. खुर्चीकडे आणि माझ्या हाताकडे बघून त्या म्हणाल्या की मीच बसले होते, पाणी आणायला उठले.

मी कसंबसं विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत?

"भीती कसली रे? सोमवारी त्याचं नाव दिसलं, त्याच दिवशीच्या तारखेला. मला आनंद झाला. वाटलं, आला. वहिनीला फोन लावायला घेतला होता, मग ठेवून दिला. तेव्हापासून इथं बसून वाचतेय." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "पण हा तो नाही. आमची आई काठीवर चालायची. रस्त्यात तो हात आडवा करून उभा राहायचा आणि ती पलीकडे जाईपर्यंत गाड्या थांबवायचा. हट्टी होता, पण म्हाताऱ्या माणसावर दार मिटणारा नव्हता. तुझा पूल उघड बघू."

मी उघडला. त्यांनी खुर्ची टेबलाकडे वळवली आणि माझी त्या दिवशीची उत्तरं वाचायला घेतली. दोन्हीकडची ओळ जुळली नाही तर कोणती खरी मानू? मी लिहिलं होतं, जुनी. म्हणजे वर कोणीही दादांची ओळ बदलली की पूल ती मुकाट्यानं पूर्ववत करायचा, आणि तिच्यासोबत दादांनी अकरा वर्षांपूर्वी लिहिलेलं कारणही उचलून आणायचा. पुढचा प्रश्न होता, बदल करणारा यादीत सापडला नाही तर कोणाचं नाव लावू? रकाना रिकामा सोडता येत नव्हता. मी दादांचं नाव टाकलं होतं. ते काही तक्रार करायला येणार नव्हते! आणि यादीत मी झाडून सगळ्या माणसांची नावं घातली होती, फक्त खुद्द पुलाचंच राहिलं होतं. म्हणून पुलानं केलेला प्रत्येक बदल दादांच्या नावावर पडत होता.

"हे कोणी भरलं?"

"मी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझ्या भावाचं नाव तू रकाना भरायला वापरलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी माफी मागितली, खरीखुरी. त्या म्हणाल्या, माफी राहू दे, आधी निस्तर. त्या रकान्यात त्यांनी मला माझं स्वतःचं नाव लिहायला लावलं आणि सोमवारपासूनच्या नोंदी पुलाकडून नव्यानं करून घ्यायला सांगितल्या. दार अठरा वेळा तीनवर आणल्याचा मान एकेक करून माझ्या नावावर जमा झाला. मग मी पुलाचा नियम सुधारला.

तीनचा सहा मात्र ताईंनी स्वतः केला. दादांची जुनी ओळख वापरून, दादांच्या नावावर. मी भीत भीत म्हटलं, ताई, ही नोंद चुकीची होतेय.

"होऊ दे. एवढी त्याची."

आम्ही दोघं वर गेलो आणि लिफ्टसमोर उभे राहिलो. ताई मोठ्यानं मोजत होत्या. सहावर दार मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा सहा. त्यांनी डोळे पुसले आणि वृद्धाश्रमाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल मागवला. नोंदींप्रमाणे दार अठरा वेळा मी बिघडवलं होतं, आणि ते दुरुस्त करायला दोन वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला यावं लागलं होतं! साहेबांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि परत घातला. दोन्ही मजल्यांचं प्रमुखपद ताईंना मिळालं.

घरी जाऊन मी बायकोला सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताईंना दिलं ना? मग ठीक आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला डावलून दादांनाच दिलं की काय."