लव्हाळ्याला सांगायचं राहिलेलं

हे मी सांगायला नको होतं, पण आमच्या रानात तण उपटायचं असेल तर आधी त्याला काहीतरी खरं सांगावं लागतं.

खरं सांगितलं की ते मुळासकट हातात येतं. खोटं सांगितलं की मानेशी तुटतं आणि मूळ खाली तसंच राहतं. एकदा सांगून झालेलं पुन्हा सांगितलं तर हलतही नाही. यात विशेष काही नाही. ओढ्यापलीकडच्या रानांतही असंच आहे. खुरपणीला बसलेल्या बाया इतक्या कशा बोलतात, असं रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटत असेल. त्या काम करत असतात.

खुरपताना प्रत्येकीला आपापली पात असते, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ. नियम एवढाच की शेजारच्या पातीतलं जे कानावर पडेल ते ऐकलं नाही असं धरायचं.

दिवाळी झाली होती, शाळेला सुट्टी होती, आणि हरभरा वीतभर वाढला होता. रान आमचं असल्यामुळे त्या दिवशी सावडीला शेवंताकाकू आमच्याकडे आल्या होत्या. त्यांची खुरपणी निघाली की आम्ही त्यांच्याकडे जाणार होतो. काकू झपाझप पुढे सरकतात, कारण त्यांना तीन जावा आहेत.

"केन्याला काय लागतंय?" त्या म्हणाल्या. "धाकटीनं काल भाकरी कशी थापली एवढं सांगितलं तरी खूश. पर गाजरगवत लई चिकट. त्याला तक्रार लागती. निम्मं मी रस्त्यावरच्या खड्ड्यांवर काढलंय."

माझी पात नेहमी मागे असते. मला बोलायला वेळ लागतो.

"काय गं आशे, अजून तिथंच?" काकूंनी मागे वळून विचारलं. "त्या घोळीला पाढे म्हणून दाखवतीस का काय?"

पाढे मी सहावीत असताना करून पाहिले होते. पाढे खरे असतात, पण ते सगळ्या तणांनी ऐकलेले असतात.

मी घोळीकडे वाकून हळूच म्हटलं, "वर्गात मला उत्तर येत होतं, पण मी हात वर केला नाही." घोळ आली. मुळाला ओली काळी माती होती. असली वाक्यं माझ्याकडे पुष्कळ आहेत. ती तोंडातून बाहेर काढणं अवघड जातं.

आमचं घरच न बोलणाऱ्यांचं आहे. अण्णा बोलत नाहीत. आई घरात "वाढू का?" म्हणते, आणि "दिवा घालव." रानात मात्र ती वेगळीच असते. तिथं ती माझ्या मामीची नक्कल करते. हसताना तिला खुरपं खाली ठेवावं लागतं. त्या आधीच्या महिन्यात, शाळूच्या खुरपणीला, ती एका तांदुळजाला सांगत होती की माहेरी असताना ती पोहून नदीपार जायची, आणि भर पाण्यात पाठीवर पडून ढग बघायची. "लग्न झाल्यापासून पाण्यात उतरले नाही," ती म्हणाली. "इथं कुणाला माहीत पण नाही मला पोहता येतं ते." तांदुळजा लगेच आला. मी ते ऐकलं नाही.

आणखी एकानं ते ऐकलं नाही. आमच्या रानाला लागून तूर आहे, आता ती डोक्याएवढी झाली आहे. त्या दिवशी तुरीच्या बुडाशी मला दोन चपला दिसल्या. एकीचा अंगठा तारेनं बांधलेला होता. त्या अण्णांच्या होत्या आणि अण्णा त्यांच्यात उभे होते. नंतरही जेव्हा जेव्हा आई खुरपायला बसली, तेव्हा तेव्हा चपला तिथं होत्या. मी कुणालाच काही बोलले नाही, तणालासुद्धा.

हरभऱ्यातलं सगळं तण निघालं. राहिला तो विहिरीकडच्या कोपऱ्यातला लव्हाळा.

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे त्याचं समाधान लवकर होत नाही. काकूंनी त्याला अशा गोष्टी सांगितल्या की त्यांचे स्वतःचेच कान लाल झाले. तो हलला नाही. आईनं सांगितलं, तो हलला नाही. मी सांगितलं तेव्हा एक पातं थोडंसं डुललं, पण तो वारा असावा.

अण्णा बांधावर आले. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"फवारून टाकतो," ते म्हणाले. "हा कोपरा पण आणि पुढच्या वर्षी सगळं रान पण. किती दिवस बसायचं बोलत?"

आईनं पदर खोचला आणि खुरप्याची माती पुसायला लागली. माती पुसून झाली तरी ती पुसतच होती.

फवारलेलं तण बहिरं होतं. त्याच्यानंतर त्या जागी जे उगवतं तेही बहिरंच निघतं. खालच्या आळीतल्या एका रानात असं झालं आहे. तिथल्या बाया आता खाली मान घालून खुरपतात आणि दुपारच्या आतच घरी जातात. आईला घरी जाऊन काय करायचं होतं? घरात ती "वाढू का?" म्हणते.

अण्णांनी रीतसर कृषी सहायकांना बोलावलं. खरातसाहेब मोटारसायकलवरून आले, हेल्मेट बांधावर ठेवून लव्हाळ्यापाशी उकिडवे बसले आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"याच्याशी कोण कोण बोललंय?" त्यांनी विचारलं.

"आमी सगळ्या," काकू म्हणाल्या. "माझं तर आता आत काय शिल्लकच नाय, साहेब. रिकामं पोतं झालंय."

"ऐकीव सांगितलं असेल. लव्हाळ्याला ऐकीव चालत नाही, घरचं लागतं."

"घरचंच सांगितलं की! जावा काय परक्या हायत?"

"या घरचं," साहेब म्हणाले. "मालक बोलले का?"

"गडीमाणसं खुरपत नाहीत," अण्णा म्हणाले.

"तसं कुठं म्हटलेलं नाही." साहेब उठले आणि त्यांनी गुडघे झटकले. "फवारायचं असेल तर फवारा, माझी हरकत नाही. उद्या सकाळी वारा पडलेला असताना. पण बहिरं झालं तर मग माझ्याकडे यायचं नाही. त्यावर आमच्याकडे काही उपाय नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पाठीवर पंप घेऊन निघाले. आई त्यांच्याआधीच रानात जाऊन बसली होती. कोपऱ्याच्या शेजारच्या पातीत उपटण्यासारखं फारसं काही नव्हतं, तरी ती तिथं बसली होती. वारा अजिबात नव्हता. हरभऱ्यावरच्या दवानं माझ्या सलवारीच्या कडा भिजल्या आणि त्याच्या आंबटपणानं पाय चुरचुरायला लागले.

मी अण्णांच्या मागून चालत होते. मनात वाक्य तयार होतं. विहिरीपाशी पोचल्यावर ते नळी हातात घ्यायला थांबले.

"अण्णा," मी म्हटलं, "तुमच्या चपला तुरीखाली दिसतात."

त्यांनी नळी तशीच धरून ठेवली.

"कधीपासून?"

"शाळूच्या खुरपणीपासून."

"आईला दिसतात?"

"तिची पाठ असते तुरीकडं."

मग त्यांनी पंप उतरवून विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि माझ्याकडे हात पुढे केला. मी खुरपं दिलं. त्यांनी ते उलटं धरलं. मी सरळ करून दिलं. ते लव्हाळ्यापुढं मांडी घालून बसले, जेवायला बसतात तसे.

"माझं तुझ्याशी काही वाकडं नाही," त्यांनी लव्हाळ्याला सांगितलं आणि ओढलं.

तो मानेशी तुटला.

अण्णांनी हातातल्या पात्याकडे पाहिलं. खोकले. मग म्हणाले, "बरं. आहे वाकडं. ती सगळं तुम्हाला सांगते. तुम्ही उगवून दोन आठवडे होत नाहीत तर तुम्हाला सगळं माहीत. मला इतक्या वर्षांत काय कळलं, तर वाढू का."

एक गाठ सुटून वर आली. तिच्यामागचा दोरा जमिनीत गेलेला होता. त्यांनी तो ओढून पाहिला. तो ताणला गेला आणि अडला.

"तिला पोहता येतं," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "ते मला तांदुळजामुळं कळलं. मला येत नाही. ही विहीर मी खोदून घेतली आणि तिच्यात एकदाही उतरलो नाही. मोटारीच्या पाइपाचा फुटबॉल, तो तळाचा व्हॉल्व्ह, अडकला आणि कुणी पाण्यात उतरायची वेळ आली की मला ताप येतो. खरा ताप नसतो. मला पाण्याची भीती वाटते."

आणि लव्हाळा निघायला लागला. एका गाठीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी, माळेतल्या मण्यांसारख्या. कोपऱ्यातून बांधापर्यंत माती फुगत गेली आणि फुटत गेली. अण्णा बसल्या जागेवरून ओढत होते आणि माळ संपत नव्हती. संपली तेव्हा त्यांच्या मांडीवर मोठा ढीग झाला होता.

शेजारच्या पातीत आईचं खुरपं थांबलं होतं. पण तिनं काही ऐकलं नव्हतं. तसा नियम आहे. तिनं इकडंतिकडं पाहिलं. तिच्या पातीत एक बोटभर चाकवत उरला होता. ती त्याच्याकडे वाकली.

"कमरेला भोपळा बांधला की कुणी बुडत नाही," ती चाकवताला म्हणाली. "कुणी विचारलं असतं तर मी शिकवलं असतं."

चाकवत आला. अण्णांनीही काही ऐकलं नाही.

दोघं उठले. एकानं पंप घेतला, एकीनं खुरपी घेतली, आणि घराकडे चालू लागले. त्या दोघांमध्ये चार पावलांचं अंतर होतं आणि दोघांनी एकमेकांचं काहीही ऐकलेलं नव्हतं. उपटलेलं तण बांधावर वाळतं आणि त्याच्याबरोबर सांगितलेलंही वाळून जातं. ऊन वर यायला लागलं होतं. मी ढिगातली एक गाठ उचलली आणि खिशात टाकली.

बांधाच्या वाटेवर खरातसाहेबांची गाडी दिसली. मी हात वर केला. शाळेत मी तो कधी करत नाही.

"साहेब, लव्हाळा घरी डब्यात लावला तर चालतो का?"

त्यांनी गाडी बंद करून विचार केला. "घरगुती वापरासाठी एक गाठ चालते. रानात परत आणायची नाही."

"आणि डब्याशेजारी बसलेल्यानं ऐकलं तर?"

"डब्याला पाती नसतात," साहेब म्हणाले. "पाती नाहीत तर शेजारची पातही नाही. तेव्हा ऐकलं ते ऐकलं असंच धरलं जाईल."

मी गाठ रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि डबा मागच्या दारात, पायरीवर ठेवला. शेवंताकाकू परड्यातून ओरडल्या, "अगं ए बये, जन्मभर उपटून हात मोडले आमचे आणि तू त्याला डब्यात लावून पाणी घालतीस?" पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच येऊन त्याच्यापाशी घटकाभर बसून गेल्या.

कोंब बोटभर वर आला तेव्हा संध्याकाळ होती. आई पायरीवर बसून लसूण सोलत होती. अण्णा पलीकडे चपलेची तार बदलत होते. मध्ये डबा होता. आईनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पुस्तकात पाहिलं.

"कमरेला भोपळा बांधला की कुणी बुडत नाही," आई लव्हाळ्याला म्हणाली.

चाकवताला सांगून झालेलं होतं, तेव्हा लव्हाळा हलण्याचा प्रश्न नव्हता. तो हलला नाही. अण्णांचा हात मात्र थांबला.

"आता भोपळा कुठनं आणायचा?" त्यांनी विचारलं.

आमच्या घरात कुणीतरी कुणाला काहीतरी विचारलं होतं. आईच्या हातातली पाकळी खाली पडली.

"तेलाचा कॅन चालतो," ती म्हणाली. "रिकामा. बूच घट्ट पाहिजे."

"आणि पाणी गार असेल."

"असेल की. कार्तिक आहे."

तेव्हापासून ती दोघं रोज उजाडता विहिरीवर जातात. अण्णांनी मला बजावलं आहे की हे गावात कुणाला सांगायचं नाही, काकूंना तर मुळीच नाही. पहिले काही दिवस ते नुसते पायरीवर पाय सोडून बसायचे. आता कमरेला कॅन बांधून गळ्यापर्यंत उतरतात. मी कठड्यावर बसून त्यांच्या कमरेच्या दोराचं टोक धरते. आज दोर कठड्याच्या खांबाला बांधून मी जरा तुरीच्या सावलीत आले आहे, कारण अण्णा पाण्यात असताना आईला काय काय सांगतात ते मला ऐकू येतं, आणि विहिरीला पाती नसतात, त्यामुळे ते ऐकलं असंच धरावं लागेल. काल तर ते पाठीवर पडले, त्यांनी डोळे उघडे ठेवले आणि आईला म्हणाले की वरती एक ढग

"आशूऽऽ! अगं कुठं गेलीस? दोर धर, कॅन सोडलाय त्यांनी! सोडलाय! ये लवकर, बघ तरी!"