बिनचिठ्ठीच्या बाटल्या

भालेराव सरांनी एकदा मुख्याध्यापकांच्या खुर्चीला चिठ्ठी चिकटवली होती: ‘मागचा डावा पाय हलतो. जपून बसावे.’ मुख्याध्यापक तेव्हा खुर्चीतच बसलेले होते. ते म्हणाले, “अहो भालेराव, तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं.” सर म्हणाले, “तुम्ही निवृत्त व्हाल, खुर्ची इथंच राहील.”

नारपोलीतल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि मी मराठी. ऐंशीच्या दशकाची ही अखेर. खिडकीतून दिवसभर कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट यायचा, त्यामुळे आम्ही सगळेच ओरडून शिकवायचो. मी तर हळव्या कविताही ओरडून शिकवल्या आहेत. सर मात्र हळू बोलायचे आणि उरलेलं लिहून चिकटवायचे. माठावर ‘पाणी आजचे’. कडुलिंबाला सुतळीनं बांधलेलं ‘खिळा ठोकू नये’. एकदा माझ्या डब्यावरही चिठ्ठी निघाली: ‘शेवग्याची भाजी. बाईंची. वासावरून ओळखली.’

“चिठ्ठी नसलेली वस्तू बेवारस,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते लहानपणापासून वसतिगृहात वाढलेले. “चाळीस मुलं, चाळीस ताटं, सगळी सारखी. नाव नसलेलं ताट कुणीही उचलतो, बाई,” असं एकदा म्हणाले, आणि लगेच विषय बदलला. लग्न केलेलं नव्हतं. धामणकर नाक्याजवळ एकटेच राहायचे, आणि त्या जागेला कायम ‘खोली’ म्हणायचे. घर हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. बाराही महिने हातात असणारी त्यांची छत्री तेवढी बिनचिठ्ठीची होती. मी टोकलं, तर म्हणाले, “हरवली तर शोधणार कोण? मीच ना? मला ती ओळखू येते.”

चिठ्ठ्या ते खळीनं चिकटवायचे. सूत ताठ करायला सायजिंगच्या कारखान्यात खळ शिजवतात. एका विद्यार्थ्याचा काका त्यातली डबाभर आणून द्यायचा. पण खळ म्हणजे झुरळांना मेजवानी. प्रयोगशाळेतल्या सापाच्या बरणीवरच्या ‘बिनविषारी’मधलं ‘बिन’ त्यांनी खाऊन टाकलं, आणि तेव्हापासून मुलं त्या मेलेल्या सापाला बिचकून असायची.

त्या वर्षी ठाण्याला पर्यावरणाची जिल्हा स्पर्धा जाहीर झाली. मुख्याध्यापकांना नववी ‘अ’ची हुशार मुलं आणि थर्माकोलचं जंगल हवं होतं. सरांनी नववी ‘ब’ घेतली आणि शाळेमागचा नाला घेतला. डाईंगच्या कारखान्यात ज्या रंगाचं कापड रंगवून निघेल त्या रंगाचा हा नाला असायचा. मुलांना त्याचं काहीच वाटत नसे. ‘माझे आजोळ’ या निबंधात एकानं लिहिलं होतं, ‘आमच्या आजोळच्या ओढ्याला रंगच नाही.’ मी त्यावर लाल रेघ मारली. सरांनी ती वही मागून नेली आणि माझ्या रेघेखाली चिठ्ठी लावून परत पाठवली: ‘निरीक्षण बरोबर आहे.’

मग महिनाभर रोज सकाळी एक बाटली भरायची, असं ठरलं. बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या. आमच्याकडे हवेतच इतकी रुई की त्या बाटल्यांना तोटा नव्हता. प्रत्येक चिठ्ठीवर चार गोष्टी: काय, कुठे, केव्हा, कुणी. “‘कुठे’ म्हणजे नुसता नाला नाही. कुणाच्या पाइपाखाली, ते लिहायचं,” असा सरांचा हट्ट. गटाची म्होरकी कल्पना भोईर. सकाळी ती धापा टाकत यायची.

“सर, आज मोरपंखी हाय.”

“वास?”

“कालच्यापेक्षा घान.”

“घाण हे माप नाही. नाक कुठपर्यंत धरलंस?”

“पुलापत्तर.”

“मग तसं लिही.”

नववी ‘ब’ला आजवर कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. ती मुलं आता आपणहून ओळीनं उभी राहायची, उत्तरं पाठ करायची. पहिला नंबर आपलाच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मीही, खरं सांगायचं तर, ठरवलं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी कल्पनाचे वडील ड्युटीवरून थेट प्रयोगशाळेत आले. अंबाडीकडच्या गावातून कामासाठी शहरात आलेला माणूस. दोन्ही हात कोपरापर्यंत मोरपंखी. मी एकदा ते हात पाहिले आणि एकदा मांडणीवरची बाटली पाहिली.

“सर, पोरगी हुशार हाय, तिला अडवत न्हाय मी,” ते म्हणाले. “पन बाटल्यांवर आमच्या डाईंगचं नाव हाय. शेठचा मानूस इचारत होता, भोईरची पोरगी पायपाजवल रोज काय करते? तिनं तिथं नाव घेतलं, तर मना उद्यापासून गेटच्या आत घेनार न्हाय.”

“पण निरीक्षण खरं आहे,” सर म्हणाले.

“खरंच हाय. ते पानी मीच सोडतो ना.”

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या सभागृहात मुलांनी बाटल्यांना गुंडाळलेले कागद सोडले, तर एकाही बाटलीवर चिठ्ठी नव्हती. काचा स्वच्छ धुतलेल्या. मुलं एकमेकांकडे बघू लागली. कल्पनाचा चेहरा एवढासा झाला.

परीक्षक आले. “रंग छान आहेत. पण नोंदी कुठायत? हे पाणी कुठल्या कारखान्याचं?” त्यांनी कल्पनाला विचारलं. तिनं तोंड उघडलं. उत्तर तिला पाठ होतं. तेवढ्यात सर पुढे झाले.

“चिठ्ठ्या झुरळांनी खाल्ल्या.”

“सगळ्या?”

“खळीनं लावल्या होत्या. आमच्याकडची झुरळं खळीवरच वाढलीत.”

परीक्षक हसले आणि त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. सरांचे कान लालबुंद झाले होते. मस्टरवर अकरा वाजून तीन मिनिटांना अकरा न लिहिणारा हा माणूस. त्याला खोटं बोलताना मी प्रथमच पाहत होते, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या एका शाळेच्या थर्माकोलच्या जंगलाला पहिला नंबर मिळाला. नववी ‘ब’ला सहभागाचं प्रशस्तिपत्रक. परतताना एसटीत मुलं झुरळांना शिव्या घालत होती. कल्पनाला मात्र कळलं होतं. ती सारखी मागे वळून सरांकडे बघत होती. सरांनी मला आपला जेवणाचा डबा उघडून दाखवला. आत पाण्यानं सोडवून वाळवलेल्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या.

“आता हे सगळं उतरवून कलेक्टर कचेरीत अर्ज देतो,” ते म्हणाले. “‘कुणी’च्या जागी माझं नाव. मला कुठल्या गेटबाहेर काढणार?”

अर्ज त्यांनी दिलाही. त्याच्या पोचपावतीवर बरीच वर्षं एक चिठ्ठी होती: ‘उत्तर वाटेवर असावे.’

सोमवारी प्रार्थनेनंतर मी प्रयोगशाळेत गेले, तर सर छत्री हातात घेऊन उभे. छत्रीच्या दांड्यावर खळीनं चिकटवलेली चिठ्ठी, कल्पनाच्या अक्षरात: ‘भालेराव सरांची छत्री. सापडल्यास नववी ब मध्ये आणून द्यावी. सर आमचे आहेत.’

सरांनी ती दोनदा वाचली. “‘कुठे’, ‘केव्हा’ राहिलं,” एवढंच म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

पुढे काही वर्षांनी सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी हार सांभाळायला म्हणून छत्री माझ्या हातात दिली. चिठ्ठी तशीच होती. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावलेली, झुरळांची डाळ शिजू नये म्हणून. खाली सरांच्या बारीक अक्षरात दोन ओळी वाढवलेल्या होत्या. ‘केव्हा: सोमवार, सकाळी सव्वाअकरा. कुठे: घरी.’

चिठ्ठी लावली तेव्हा छत्री प्रयोगशाळेत होती, हे मला पक्कं आठवतं. पण या खेपेला मी लाल रेघ मारली नाही.