लिफ्टमध्ये अडकलेला टीव्ही

सेफिना बाजारातून परतली तेव्हा दाराचं कुलूप लोंबत होतं आणि टीव्ही गायब होता. मेलबर्नच्या त्या सरकारी टॉवरमध्ये चोरीचं कुणाला नवल नव्हतं. पण बंद पडलेल्या लिफ्टमधून "कुणी आहे का?" असा रडवेला आवाज आला, तेव्हा मात्र ती धावली.

तिने फटीला डोळा लावला. आत एक हडकुळा तरुण, आणि त्याच्या मांडीवर तिचा टीव्ही.

"अरे मेल्या, माझा आहे तो!"

"घ्या ना आँटी, पण मला बाहेर काढा. ही लिफ्ट नेहमीच अडकते?"

"तुला ठाऊक नव्हतं?"

"एरवी जिन्यानंच जातो. आज ओझं जड होतं."

फोन करायला निघालेली सेफिना थबकली. "एरवी म्हणजे? बऱ्याच घरांत जाऊन आलायस की काय?"

"जवळजवळ सगळ्या."

सेफिनाने तिथेच बसकण मारली. इतकी वर्षं शेजारी राहूनही स्टेलिओस म्हाताऱ्याने तिला कधी दाराच्या आत घेतलं नव्हतं.

"त्या ग्रीक म्हाताऱ्याकडे काय आहे रे?"

"खालच्या सामाईक धुलाईखोलीतून चोरीला गेलेल्या चादरी. सगळ्यांच्या. इस्त्री करून ठेवल्यात."

"खोटं!" मागून स्टेलिओस किंचाळला. गलका ऐकून तो केव्हाच येऊन उभा होता. त्याच्या शेजारची सोमाली होडान पोट धरून हसली.

"आणि तुमच्याकडे, ताई, पलंगामागे शिवणयंत्रांचा कारखाना," आतून आवाज आला.

होडानचं हसू विरलं. भाडं कमी लागावं म्हणून तिने हाउसिंग ऑफिसात आपल्याला काम नाही असं सांगितलं होतं.

आता सेफिनाला हसू आवरेना.

"आँटी," फटीतून कुजबुज आली, "तुमच्या बाथटबमध्ये कोंबड्या आहेत, ते ऑफिसला माहीताय?"

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. खालून कुणीतरी कळवलं होतं. बंबवाल्यांनी दार उघडलं, पोलिसाने टीव्हीकडे बोट दाखवलं.

"हा कुणाचा?"

स्टेलिओस छताकडे बघू लागला, होडान जमिनीकडे.

"माझा," सेफिना म्हणाली. "बिघडलाय. हा दुरुस्तीला नेतोय."

"आणि ते तुटलेलं कुलूप?"

"तेही बिघडलंय. इथं धड काय आहे?"

पोलिसाला ते पटलं. त्याने टीव्हीची एक बाजू धरलीसुद्धा. जिन्यापाशी तो तरुण घुटमळला.

"आँटी, रिमोटही लागेल."

सेफिना दात-ओठ खात आत गेली आणि रिमोट आणून त्याच्या हातावर आपटला. बॅटऱ्या मात्र तिने काढून घेतल्या होत्या.